काट्यांचा डॉक्टर

आमच्या माडीवर राहिलेला डॉक्टर माणसांचा नव्हता, कोंबड्यांचा होता. खरं सांगायचं तर कोंबड्यांचाही नव्हता. कोंबड्यांना जो बर्ड फ्लू होतो, त्याच्या विषाणूच्या अंगावर काटे असतात म्हणे, त्या काट्यांचा तो डॉक्टर होता. एवढ्या बारीक गोष्टीकडे बघण्यात ज्यानं जन्म घालवला, त्याला समोर उभं असलेलं आख्खं माणूस दिसत नसे, यात नवल नाही. नवल आमचं, की आम्ही त्याला इतकी वर्षं ठेवून घेतला.

माझं शिक्षण चौथीपर्यंत झालं. हे मला स्वतःला कधी आठवायची गरज पडली नाही, कारण तो रोज आठवण करून द्यायचा. "आक्का, तुम्ही चौथी. तुम्हाला हे समजणार नाही. तरी सांगतो." आणि मग सांगायचा. मी भाकरी थापत असले तरी सांगायचा, भांडी घासत असले तरी सांगायचा. समजणार नाही अशी खात्री असलेल्या माणसाला तीच गोष्ट रोज सांगणारा शिकलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

माझा मुलगा आधी शिरोलीला फौंड्रीत होता. तिथलं काम सोडून त्यानं वडगावजवळच्या आमच्या रानात अंड्यांच्या कोंबड्यांची शेडं उभी केली. हा डॉक्टर कुठल्याशा लस बनवणाऱ्या कंपनीतून निवृत्त झालेला, पुण्याचा. बायको गेलेली, मुलगी पुण्यात. मुलीकडे का राहत नव्हता, ते आम्हाला नंतर आपोआप कळलं. मुलगा एक दिवस त्याला गाडीवर मागं बसवून घेऊन आला आणि मला म्हणाला, "आई, असा माणूस शोधून मिळायचा न्हाय. खोली देऊया, दोन घास देऊया. शेड बघंल."

शेड तो बघायचा. पण त्याच्या तऱ्हेनं. मे महिन्यातसुद्धा अंगात बिनबाह्यांचा स्वेटर, आणि त्या स्वेटरला छातीवर, खांद्यावर गोखरू चिकटवलेले. बांधावर वाळलेलं ते अंगभर वाकड्या काट्यांचं फळ, जे चुकून पदराला लागलं तर आपण वैतागून काढून टाकतो, ते हा माणूस पिशवी भरून गोळा करायचा. भेटेल त्याच्या अंगावर एक चिकटवायचा आणि म्हणायचा, "झाला. तुम्हाला बर्ड फ्लू झाला." वडगावच्या बाजारात त्याला सगळे गोखरू डॉक्टर म्हणत. त्याला वाटायचं ते कौतुक आहे.

त्याचं सांगणं असं होतं. विषाणूच्या अंगावर दोन तऱ्हेचे काटे. एक एच, तो आकडा, गळाला असतो तसा. तो कोंबडीच्या घशातल्या कातडीत अडकतो आणि विषाणू आत घुसतो. दुसरा एन, ती कातरी. आत वाढून झाल्यावर बाहेर पडताना ती कातरी त्याला सोडवते, म्हणजे तो पुढच्या कोंबडीकडे जायला मोकळा. आकडा दाखवायला तो माझ्या पदराला गोखरू लावायचा आणि कातरी दाखवायला खिशातून खरी कातरी काढून पदराचे धागे कापायचा. दोन लुगड्यांना भोकं पडली तेव्हा मला एन समजला.

लस दाखवायला गूळ. गुळाचा पाक करून त्यात गोखरू बुडवायचा, वाळवायचा. काट्यांच्या टोकांवर गूळ बसला की तो पदराला अडकत नाही. "लस टोचली की कोंबडीचं रक्त असा गूळ तयार करतं," तो सांगायचा. "पण गूळ बसतो तो टोकाच्या आकारावर. टोकाचा आकार बदलला की जुना गूळ नीट बसत नाही. मग कोंबडी मरत नाही, दिसायला बरी दिसते, पण विषाणू तिच्या घशात वाढत राहतो आणि बाहेर पडत राहतो. मरण थांबवणं वेगळं, ये-जा थांबवणं वेगळं. कळलं?"

कळलं. मला एवढंही कळलं की त्याच्या खोलीत गूळ लावलेले गोखरू खिडकीत मांडून ठेवल्यामुळं माडीपासून माझ्या स्वयंपाकघरापर्यंत मुंग्यांची रांग लागली होती. मी ते सांगितल्यावर तो म्हणाला, "आक्का, मुंग्या कोंबड्यांना रोग देत नाहीत." साखरेच्या डब्याबद्दल तो काही बोलला नाही.

बोलण्याची त्याची आणखी एक रीत होती. कोंबड्यांशी तो अहो-जाहो करायचा. "अहो, जरा सरका बघू. पाणी प्यायलात का?" शेडात शिरताना दारातच हात जोडल्यासारखं करायचा. आणि शेडात दिवसभर राबणाऱ्या सुगंधाला "ए, इकडे ये." नाव कधी घेतलं नाही. तिला नाव आहे हे त्याला माहीत होतं की नाही, कोण जाणे.

सुगंधा आमच्या गल्लीतलीच. नवरा गेल्यापासून आमच्या शेडात कामाला होती. खाद्य घालणं, पाणी बघणं, अंडी गोळा करणं सगळं तिच्या अंगावर. घरामागं तिच्या स्वतःच्या थोड्या गावरान कोंबड्या होत्या. त्यांची अंडी वडगावच्या बाजारात विकून तिचं वरचं भागायचं. डॉक्टरला त्या कोंबड्या खुपायच्या. "शेडात काम करणाऱ्यानं घरी कोंबडी पाळायची नसते. रोग इकडून तिकडे जातो. काढून टाक."

"काढतो की," सुगंधा म्हणायची. आमच्याकडच्या बायका अशाच बोलतात. "मग माझं मीठमिरची तुमी घालणार काय?"

यावर तो गोखरू काढायचा.

एकदा नातीला बघायला पाहुणे आले होते. घराचं फाटक आणि शेडाची वाट एकच. हा फाटकात उभा, समोर जांभळ्या औषधी पाण्याचं घमेलं. "पाय बुडवा." नवऱ्या मुलाचे वडील नवीन चपला घालून आलेले, पांढरंधोट धोतर. त्यांनी आधी चपला बुडवल्या, मग पाय बुडवले, मग धोतराचा काठ आपोआप बुडला.

"पावणं," ते माझ्या मुलाला म्हणाले, "ही तुमच्याकडची रीत हाय काय?"

"रीत नाही, निर्जंतुकीकरण," हा मधेच बोलला.

तेवढ्यावर थांबला असता तरी निभावलं असतं. पोहे खाताना त्यानं मुलाच्या आईच्या जरीच्या पदराला गोखरू चिकटवला आणि एच समजावून सांगायला लागला. बाई दचकून उठल्या, जर उसवली. ते लग्न जमलं नाही. नात म्हणते, बरंच झालं. पण ते बरं व्हावं म्हणून त्यानं केलं नव्हतं.

आता मुख्य गोष्ट सांगते.

बर्ड फ्लूचे तो नंबर सांगायचा. पाच नंबर आणि नऊ नंबर. हे नंबर म्हणजे एच या आकड्याच्या जाती. पाच नंबर भयंकर. त्याला आपल्याकडे लस द्यायची परवानगी नाही. तो सापडला की सरकारी माणसं येतात, खड्डा खणतात आणि आजूबाजूच्या सगळ्या कोंबड्या त्यात जातात, आजारी असो वा नसो. नऊ नंबर सौम्य. त्याला लस आहे. त्यानं कोंबड्या फारशा मरत नाहीत, अंडी कमी होतात. पण दुसरा एखादा रोग जोडीला आला तर मरतातही. आमच्या शेडाला नऊ नंबरची लस द्यायची ठरली.

लस टोचायला वडगावची फरीदा यायची, सोबत तिच्या चारसहा बायका. एकीनं पिंजऱ्यातून कोंबडी काढायची, दुसरीनं धरायची, फरीदानं टोचायचं. हात असा चालायचा की कोंबडीला कळेपर्यंत ती परत पिंजऱ्यात. त्या दिवशी डॉक्टरनं दाराजवळच्या पिंजऱ्यांच्या ओळीवर खडूनं फुल्या मारल्या आणि म्हणाला, "ही ओळ सोडायची. हिला हात लावायचा नाही."

"का ओ डॉक्टरसाहेब?" फरीदानं विचारलं.

"तुला काय करायचंय? सांगितलं तेवढं करायचं."

आणि जेवायला निघून गेला. जो माझ्याजवळ तासन् तास गूळ आणि काटे सांगायचा, त्याच्या तोंडातून त्या बायकांसाठी एक वाक्य निघालं नाही.

पुढं काय झालं ते फरीदानं मला मागाहून सांगितलं. सगळं शेड टोचून झालं. बाटलीत लस उरली. उघडलेली बाटली ठेवून चालत नाही, त्याच दिवशी संपवायची नाहीतर टाकायची. सुगंधा त्या दारातल्या ओळीपाशी उभी होती. ती म्हणाली, "फरीदा, बघ की गं. येणारं-जाणारं वारं पयलं ह्यांच्याच अंगावर. आणि ह्याच बिनलशीच्या?"

"डॉक्टर नगं म्हणालाय."

"त्यो काय बी म्हणतोय. पंगतीत बसलेल्याचं पान वाढप्यानं वलांडून जायचं असतंय व्हय? आणि वाढायला हाय की भांड्यात."

फरीदालाही ते पटलं. लग्नाकार्यात वाढताना मधलं एक पान चुकलं तर आमच्याकडं माणूस ताटावरून उठतो आणि दहा वर्षं तोंड बघत नाही. दोघींनी मिळून दारातली ओळ टोचून काढली. बाटली रिकामी झाली, पंगत पुरी झाली. खडूच्या फुल्या तशाच राहिल्या.

त्यानंतर डॉक्टर रोज सकाळी शेडाच्या दारात जायचा, त्या फुल्या मारलेल्या ओळीपुढं उभा राहायचा, "अहो, कशा आहात?" म्हणून विचारायचा आणि खूश होऊन परत यायचा. आतल्या कोंबड्यांकडे बघायचं त्यानं जवळजवळ सोडून दिलं. मला वाटलं, म्हातारपणामुळं आळस आला.

थंडी पडली आणि सुगंधा हातात अंडं घेऊन माडीखाली आली. मी अंगणात शेंगा वाळवत होते.

"डॉक्टर, हे बघा. टरफल पापडागत झालंय. हाताला खरखरीत लागतंय."

"खाद्यात शिंपल्याची भुकटी कमी पडली असेल. वाढव."

दोन दिवसांनी ती परत आली. "आतल्या कोंबड्या घशात घरघर करत्यात. लई न्हाय, पर करत्यात."

"दारातली ओळ बघितलीस?"

"बघितली की."

"त्यांना काही आहे?"

"त्या बऱ्या हाईत."

"मग आत काही नाही."

सुगंधा तिथंच उभी राहिली. "दारातल्यांचा आणि आतल्यांचा काय संबंध ओ?"

"तुला सांगून उपयोग नाही," तो म्हणाला आणि वर गेला.

त्या वेळी त्यानं तिला सांगितलं असतं, की दारातल्या कोंबड्या मुद्दाम बिनलशीच्या ठेवल्यात, कारण लस दिलेल्या कोंबड्या रोग अंगात घेऊनही बऱ्या दिसतात आणि बिनलशीच्या लगेच पडतात, म्हणून त्या बघून शेडात रोग शिरला की नाही ते कळतं, तर ती तिथल्या तिथं म्हणाली असती, "अहो, आमी तर त्यास्नी बी टोचलंय." गोष्ट तिथंच संपली असती. पण ती बाई, त्यात कामाला ठेवलेली. तिला कशाला सांगायचं?

आठवड्याभरात सुगंधाच्या गावरान कोंबड्या पडायला लागल्या. तोंड सुजायचं, डोळे बंद, मान खाली. काही मेल्या. गल्ली गोळा झाली. बर्ड फ्लू आला असं कुणीतरी म्हणालं आणि मग सगळेच म्हणायला लागले. डॉक्टर तोंडाला फडकं बांधून तिच्या दारात गेला आणि गल्लीच्या मधोमध उभा राहून मोठ्यानं बोलला, "आमच्या शेडात रोग नाही. आमच्या दारातल्या बिनलशीच्या कोंबड्या ठणठणीत आहेत. हा रोग हिच्या घरात बाहेरून आलाय. हिनं कुठूनतरी कोंबडा आणलाय."

सुगंधानं कोंबडा आणला होता हे खरं. कागलच्या भावानं दिला होता. तो कोंबडा मागच्या भिंतीवर बसून खच्चून आरवत होता. त्याला काही झालं नव्हतं. पण ते बघायला डॉक्टरला वेळ नव्हता.

मुलानं सुगंधाला शेडात यायचं नाही म्हणून सांगितलं. मी त्याला म्हणाले, "तिला काढू नगंस. आदी बघ तरी, कुठनं आलंय."

"आई, तुला कळत न्हाय. डॉक्टर बोलतोय म्हंजे बरोबरच असणार."

मी चौथी, डॉक्टर पदवीवाला. मी गप्प बसले नाही, पण ऐकलं कुणी नाही.

सुगंधाचं दोन्हीकडून गेलं. शेडातलं काम गेलं आणि तिच्या हातची अंडी बाजारात कुणी घेईना. नळावर बायका तिच्यापासून हंडा लांब ठेवायला लागल्या. ती एकदा माझ्याकडे आली. उंबऱ्याच्या आत आली नाही. म्हणाली, "आक्का, कोंबड्या मेल्या ते मेल्या. पर त्यो गल्लीत उभा ऱ्हाऊन बोलला. ते कोण पुसणार?"

मी तिला शेंगा दिल्या. तिनं घेतल्या नाहीत.

तोवर सरकारी डॉक्टर येऊन तिच्या कोंबड्यांचे आणि आमच्या शेडातल्या कोंबड्यांचे घशातले आणि रक्ताचे नमुने घेऊन गेले. निकाल येईपर्यंत आमच्या घरात कुणी धड जेवलं नाही. पाच नंबर निघाला तर सगळ्या कोंबड्या खड्ड्यात. अंडी नेणारा टेम्पो यायचा थांबला. मुलगा फाटकात बसून राहायचा. डॉक्टर मात्र सांगत फिरायचा, "आपल्याकडे निघणारच नाही. दारातली ओळ बघा ना."

निकाल आला. नऊ नंबर. खड्डा टळला. मुलानं देवापुढं नारळ फोडला. पण पुढचं वाचल्यावर डॉक्टर खुर्चीतून उठला आणि परत बसला. आमच्या शेडातल्या कोंबड्यांच्या घशात विषाणू होता. आमच्याच, बऱ्या दिसणाऱ्या, लस दिलेल्या कोंबड्यांच्या. आणि विषाणूच्या आकड्याचं टोक लशीतल्या टोकापेक्षा बदललेलं होतं. "कातरी लशीच्या ओळखीची होती, म्हणून कोंबड्या पडल्या नसतील," तो पुटपुटला. "आकडा बदललेला, म्हणून घशात वाढत राहिला." जे तो मला वर्षानुवर्षं गुळातून सांगत होता, तेच आमच्या शेडात घडलं होतं.

"पण दारातल्या?" तो म्हणाला. "दारातल्या बिनलशीच्या. त्या पडायलाच पाहिजे होत्या. आणि त्यांच्या रक्तात तर सगळ्यांच्यासारखीच लशीची खूण दिसतेय. असं होऊच शकत नाही."

फरीदाला शेडात बोलावलं. ती दारातच उभी राहिली.

"ही ओळ टोचलीस?"

"टोचली की."

"का?" तो एवढ्यानं ओरडला की पिंजऱ्यांतल्या कोंबड्या फडफडल्या. "नको म्हणून सांगितलं होतं! फुल्या मारल्या होत्या! अडाणी बायका तुम्ही! माझं सगळं वाटोळं केलंत!"

फरीदा घाबरणारी बाई नव्हे. पदर खोचून म्हणाली, "अडाणी कुणाला म्हणतासा? नगं म्हणून सांगितलासा, का ते सांगितलासा? बाजारात दिसंल त्याला काटं दाखवत फिरतासा. चहाच्या गाड्यावर गूळ दाखवतासा. मी इथं तुमच्याफुडं उभी ऱ्हाऊन विचारलं, का ओ म्हणून. काय म्हणालासा? तुला काय करायचंय! आता घ्या, काय करायचंय ते कळलं न्हवं?"

त्यानं स्वेटरवरचा एक गोखरू उपटला, परत लावला. मग माझ्या मुलाकडे बघितलं. मुलगा जमिनीकडे बघत होता. मी त्या दोघांना म्हणाले, "आता सुगंधाकडं कोण जाणार? का ते बी सरकारनं येऊन करायचं?"

डॉक्टर निघाला. मी मागून गेले, कारण त्याच्या एकट्यावर माझा भरवसा नव्हता. आणि भरवसा नव्हता तेच बरोबर निघालं. सुगंधा तिच्या कट्ट्यावर शेंगा फोडत बसली होती. हा समोर बसला, खिशातून दोन गोखरू काढले, एक गूळ लावलेला, एक कोरा, आणि सुरू झाला. "हे बघ. विषाणूच्या अंगावर दोन तऱ्हेचे काटे असतात..."

तिनं सगळं ऐकून घेतलं. शेंगा फोडणं थांबवलं नाही. एच ऐकला, एन ऐकला, बदललेलं टोक ऐकलं. मग म्हणाली, "डॉक्टर, ते काटं खाली ठेवा. माझ्या कोंबड्यास्नी कुठनं आलं? कागलच्या कोंबड्यानं का तुमच्या शेडातनं?"

"शास्त्रीय दृष्टीनं पाहिलं तर दिशा ठरवणं..."

"कोंबडा जित्ता हाय. माझ्या कोंबड्या पडायच्या आदी तुमची अंडी पापडागत झाल्ती, मीच आणून दावली. माझ्याच पायानं तुमच्या शेडातनं माझ्या घरात आलं. व्हय का न्हाय?"

तो गोखरू बोटांत फिरवत बसला. काटा बोटात रुतला असावा, कारण त्यानं बोट तोंडात घातलं.

"हो," तो म्हणाला.

"मग जे गल्लीत उभं ऱ्हाऊन बोललासा, ते गल्लीत उभं ऱ्हाऊन परत बोला."

नळाला पाणी आलं होतं. बायका, म्हातारे, कट्ट्यावरची रिकामी माणसं, सगळी होती. तो मधोमध जाऊन उभा राहिला. तोंडाला आता फडकं नव्हतं. म्हणाला, "रोग आमच्या शेडातून गेला."

"ऐकू आलं न्हाय ओ गोखरू डॉक्टर," नळावरून एकजण म्हणाली. तिला ऐकू आलं होतं. हंडा लांब ठेवणाऱ्यांत तीच पहिली होती.

"आमच्या शेडातनं गेला," तो ओरडला. "आमच्याच. तिनं आणला न्हाय. व्हय, आमच्याच शेडातनं!"

इतकी वर्षं राहून त्यानं आमच्या बोलीतला एक शब्द तोंडात घेतला नव्हता. त्या दिवशी तीन घेतले. मला त्याचं काही वाटलं नाही. गल्लीत खोटं बोलायला त्याला जसा आवाज होता, तसा खरं बोलायलाही निघाला, एवढंच.

मुलानं सुगंधाला परत कामावर बोलावलं. ती लगेच आली नाही. तिनं आधी डॉक्टरला आपल्या कट्ट्यावर बसवून विचारलं, "आता सांगा. ती दारातली वळ बिनलशीची का ठेवायची?"

त्यानं सांगितलं. गोखरू न काढता, गूळ न काढता सांगितलं. बिनलशीच्या लवकर पडतात, त्या पडल्या की आत रोग आलाय हे कळतं. ओंजळभर शेंगा फोडून होतात न होतात एवढ्यात सांगून झालं.

"एवढंच हुतं व्हय?" सुगंधा म्हणाली.

"एवढंच," तो म्हणाला.

ती उठली आणि शेडाकडे गेली. तो तिथं कट्ट्यावरच बसून राहिला. मी त्याला घरी चला म्हणाले नाही. भूक लागली की येतोच.

त्यानंतर तो फार दिवस टिकला नाही. मुलीकडे पुण्याला गेला. जाताना पेटी, स्वेटर, सगळं नेलं, गोखरूची पिशवी मात्र खिडकीत ठेवून गेला. मी ती चुलीत घातली. गूळ लागलेले चांगले पेटतात.

आता दारातल्या ओळीच्या पिंजऱ्यांवर फुल्या असतात आणि फरीदाबरोबर नवीन बाई आली की सुगंधा तिला आधी तिथं नेऊन उभी करते. "हिला टोचायचं न्हाय. उरली तर टाकायची. का ते ऐक." आणि का ते सांगते. फरीदा वरून म्हणते, "ह्या पंगतीत ह्यांनी उपाशी बसायचं, बाकीच्यांच्यासाठी." बायका हळहळतात, पण टोचत नाहीत.

सुगंधानं नवीन गावरान कोंबड्या घेतल्या नाहीत. कागलचा कोंबडा तेवढा आहे. मुलानं तिचा शेडातला पगार वाढवून दिला, तो मी द्यायला लावला.

मागच्या महिन्यात डॉक्टरचा फोन आला. मुलगा घरात नव्हता, मी उचलला. "आक्का, कशा आहेत त्या?"

"कोण?"

"दारातल्या."

"बऱ्या हाईत. बिनलशीच्या हाईत. आणि का हाईत ते आता सगळ्या बायकास्नी ठाव हाय."

तिकडून घसा साफ केल्याचा आवाज आला.

"आणि सुगंधाबाई? त्या कशा आहेत?"

चूल पेटलेली, तव्यावर भाकरी, आणि माझ्या हाताला पीठ. "सुगंधाचा नंबर देतो," मी म्हणाले. "तिलाच विचारा."

नंबर सांगितला, आणि त्यानं तो लिहून घेतला की नाही हे न विचारता फोन ठेवला. भाकरी एका बाजूनं करपली होती. ती सुगंधाच्या कोंबड्याला टाकली.